विषय: शनिवारचा फराळ स्टॉल, बावीस झ्वोते की झ्वोतिख???

प्रेषक: लाडूवाल्या वहिनी, वॉर्सा

मंडळी, बोर्ड आज रात्री प्रिंटला द्यायचाय. खजिनदारांनी भाव पाठवलेत, लाडू पाकीट १२, चकली १४, चिवडा २२. बोर्डावर नुसतं झ्वोतीचं, म्हणजे इथल्या पोलिश चलनाचं, चिन्ह टाकलं की भागतं हे मला माहितीये, कृपया तेच परत सांगू नका. प्रश्न काउंटरवर तोंड उघडायचा आहे. गेल्या वेळी मी चिवड्याला ठणकावून "बावीस झ्वोतिख" म्हटलं, समोरच्या आजी गोड हसून म्हणाल्या "झ्वोते", मागची रांग पण हसली. बारा-चौदाला झ्वोतिख, बावीस-चोवीसला झ्वोते आणि एकवीसला परत झ्वोतिख, हे काय आहे? एका ओळीत कोणी सांगेल का, कार्डावर लिहून काउंटरला चिकटवते.

---

प्रेषक: व्रोत्सवाफकर काका

वहिनी, एका ओळीत. शेवटचा आकडा २, ३, ४ असेल तर झ्वोते, बाकी सगळं झ्वोतिख, १२-१३-१४ पण झ्वोतिखमध्येच, आणि झ्वोती फक्त एकट्या एकाला. झाली ओळ.

आता जरा लांबण लावतो. मी पोलिशच्या बी-वन (मधल्या पातळीच्या) परीक्षेला दोनदा बसलो, पहिल्यांदा व्याकरणात गेलो. प्रत्येक भागात ५० टक्के लागतात, बोलण्यात कितीही मिळवा, उपयोग शून्य. तरी सांगतो, लोक सात विभक्त्यांचा बाऊ करतात तो आपण करू नये, "स ला ते, स ला ना ते" घोकलेली माणसं आपण, संबोधनसुद्धा शाळेत होतं. पोलिशमध्ये दोन पुरुष असले की द्वाय, दोन बायका द्व्ये, दोन मुलं द्वोये. आमच्या क्लासात बाकीचे डोकं धरून बसले होते आणि मी मनात म्हटलं, अरे हे तर दोघे, दोघी, दोघं! मास्तरीणबाईंना समजावायला गेलो तर पाच मिनिटं त्यांनीच वहीत उतरवून घेतलं.

---

प्रेषक: प्रागची ताई

काका, ते सगळं ठीक, पण मग पोलिशच का, चेक शिका ना :) आमचं चलन कोरुना, २, ३, ४ ला कोरुनी आणि पाचापासून पुढे कोरुन, बावीसलासुद्धा सरळ कोरुन म्हणतात. शिवाय बोलताना लोक "द्वाअद्वात्सेत" म्हणतात, म्हणजे दोन-आणि-वीस, आपलं बावीसच! आघात कायम पहिल्या अक्षरावर, तुमच्यासारखं शेवटून दुसरं मोजत बसायला नको. आणि इथे कायम निवासाला २०२१ पासून चेकची ए-टू, म्हणजे बी-वनच्या खालची पातळी लागते (आधी ए-वन होती), तुमच्याकडे दीर्घकालीन निवासाला बी-वन, बघा विचार करा. र आणि ज एकाच वेळी म्हणायचं ते एक अक्षर आहे, ते मला सात वर्षांत जमलं नाही, पण माझ्या मुलाला जमतं.

---

प्रेषक: बर्लिनकर

दोन-आणि-वीस जर्मनमध्ये पण आहे. आणि त्स्वाय ऑयरो (दोन युरो), फ्युन्फ ऑयरो (पाच युरो), ऑयरो हलत नाही. चार विभक्त्यांत संसार. इति.

---

प्रेषक: लाडूवाल्या वहिनी, वॉर्सा

प्रागच्या ताई, तुम्ही चेक सोपी म्हणा हो, पण गेल्या वर्षी आमच्या स्टॉलवर येऊन "चेर्स्त्वी! चेर्स्त्वी!" ओरडून चकल्या विकत होतात ते मी विसरलेले नाही. तुमच्याकडे त्याचा अर्थ ताजा, इकडे शिळा! एक माणूस चकली हातात घेऊन वास घेत उभा होता. या वर्षी तुम्ही चहाकडे.

---

प्रेषक: क्राकुफच्या आजी

मी सहसा लिहीत नाही. माझी सूनबाई पोलिश, तिचं म्हणणं मराठीच जास्त अवघड. पोलिशमध्ये बावीस म्हणजे "द्वाजेश्चा द्वा", वीस दोन, वीसपर्यंत आणि दहा-दहाचे टप्पे शिकले की झालं, आपल्याकडे शंभरपर्यंत प्रत्येक आकडा वेगळा पाठ. एकोणऐंशी आणि एकोणनव्वदला तर ती हात जोडते. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस दोन" आणलं तेव्हा आपल्या लोकांनी केवढा गदारोळ केला होता, मी पण त्यात होते. आता सून समोर बसली की गप्प बसते. बाकी आम्ही कोल्हापूरचे, १९४३ ते ४८ आमच्या वळिवड्यात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते, तेव्हा पोलिश कानावर पडण्याचा मान पहिला आमचा, व्रोत्सवाफवाल्यांनी नोंद घ्यावी.

---

प्रेषक: व्रोत्सवाफकर काका

आजी, नोंद घेतली. पण सूनबाईंना विचारा, "पाऊस" चं "पावसात" जास्त अवघड की "रेंका" (हात) चं "रेंत्से". दोन्हीकडे शब्द मधूनच बदलतो.

---

प्रेषक: खजिनदार

सर्वांना नमस्कार. भाषाशास्त्र चालू द्या, फक्त भावांना कोणी हात लावू नये. बेसन-तूप-पॅकिंग धरून काढलेले आहेत, शीट सगळ्यांना पाठवली होती, किती जणांनी उघडली ते मला दिसतं.

---

प्रेषक: बोर्डवाला (गेल्या वर्षीही मीच केला होता)

खजिनदारसाहेबांची माफी मागून. सगळे भाव पाचाच्या पटीत ठेवले तर? ५, १०, १५, २०. कितीही वस्तू घ्या, बेरजेच्या शेवटी ० नाहीतर ५ च येणार, म्हणजे दिवसभर फक्त झ्वोतिख. पोरंसुद्धा काउंटरवर उभी राहतील. सुट्टे पैसेही कमी लागतील.

---

प्रेषक: खजिनदार

चिवडा २० केला तर पाकिटामागे दोन जातात.

---

प्रेषक: लाडूवाल्या वहिनी, वॉर्सा

आणि लाडू १५ केला तर तीन येतात! लाडू चिवड्यापेक्षा जास्त खपतो, शीट मी पण उघडली होती. लाडू १५, चकली १५, चिवडा २०. लाडवाच्या पाकिटात एक लाडू जास्त घालते म्हणजे कोणी कुरकुरणार नाही. बोर्डवाले, अकराच्या आत पाठवा.

---

प्रेषक: प्रागची ताई

चहा ४ आहे ना? एक चिवडा, एक चहा, चोवीस... झ्वोते?

---

प्रेषक: खजिनदार

चहा ५.