ट्यूबरोज म्हणजे निशिगंध की गुलछडी? आणि गार्डेनिया म्हणजे अनंतच ना?

वेंगुर्लेवासी: वहिनीला वाढदिवसाला अत्तर द्यायचंय. दोनांवर अडलोय: रोबेर पिगेचं फ्राका (1948) आणि शानेलचं गार्डेनिया (1925). पहिल्यात ट्यूबरोज मुख्य. काकूला मी 'निशिगंध' सांगितलं, ती म्हणाली, "म्हणजे रातराणी!" भाऊ म्हणतो ती गुलाबाची जात. खरा शब्द कोणता? आणि घेऊ कुठलं?

ओवळ: गुलाबाशी काडीचाही संबंध नाही. लॅटिन 'ट्यूबरोसा', म्हणजे कंद असलेली, मूळची मेक्सिकोतली. रातराणीचं झुडूप वेगळंच. शब्द निशिगंध. गुलछडी बाजारू, त्यातला 'गुल' फारसी.

कुळागर: फारसी म्हणून बाद? मग 'अत्तर'ही टाका, ते अरबी. फुलवाल्याकडे निशिगंध मागितलात तरी तो गुलछडीच बांधून देतो. ज्यांच्या हातातून फूल जातं त्यांचा शब्द बाजारू कसा?

खाडीपलीकडे: गार्डेनिया म्हणजे अनंत, पण तगरीशी गल्लत नको. पान तोडून बघा, तगरीला पांढरा चीक येतो, अनंताला नाही. अनंत पांढराशुभ्र उमलतो आणि एकदोन दिवसांत लोण्यासारखा पिवळट होतो. मात्र त्याचा अर्क व्यापारात जवळपास मिळतच नाही, त्यामुळे कुपीतला गार्डेनिया इतर द्रव्यांतून जुळवलेला असतो. त्याला अनंत म्हणणं मला पटत नाही.

आरवलीची: दोन्ही वास डोक्यात चढणारे. आजी असती तर म्हणाली असती, "ह्या वासान माझा टकला दुखता."

ओवळ: 'वास' नको. अत्तराला सुगंध म्हणावं.

आरवलीची: का नको? सुरंगीचा वळेसर माळला की आजी "काय वास येता गो!" असंच म्हणायची, आणि ती स्तुतीच असायची. वास वाईटच असतो हे शाळेत शिकवलेलं मराठी.

कुळागर: याहून जुना शब्द परिमळ. फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणात (1616) मराठीची थोरवी सांगताना 'पुष्पांमाजी पुष्प मोगरी' आणि लगेच 'परिमळांमाजी कस्तुरी' येतं. आपल्याच किनारपट्टीवरचं लेखन आहे.

ओवळ: तिथे 'मोगरी' यमकासाठी असणार. मोगरी म्हणजे ठोकायचं लाकूड.

खाडीपलीकडे: गोव्यात आजही मोगरीं म्हणतात. आणि फूल काय, लाकूड काय, दोन्ही 'मुद्गर'वरूनच आलेत. गोल, टपोरी कळी हातात धरून बघा.

वेंगुर्लेवासी: फार माहिती मिळाली. पण वहिनीसाठी कोणतं घेऊ? रविवारी वाढदिवस आहे.

आरवलीची: ट्यूबरोज. वहिनी गजरा माळत असेल तर तिला तो जड वाटणार नाही.

ओवळ: निशिगंध म्हणा.

कुळागर: गुलछडी!