'जैत रे जैत' की 'सैराट'?

होटगीरोडकर:
दिग्दर्शक जब्बार पटेल पंढरपूरचे, नागराज मंजुळे जेऊरचे. दोघंही आपल्या सोलापूर जिल्ह्यातले. काल पार्क चौकात चहा पिताना मित्रांशी जुंपली, की या दोघांच्या सिनेमांत गाण्यांचा अल्बम कुणाचा भारी. सगळे मंजुळ्यांचा 'सैराट' म्हणाले. मी पटेलांच्या 'जैत रे जैत'ची (१९७७) बाजू सोडली नाही.

माझं म्हणणं असं: ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांच्या चाली गोष्ट थांबवत नाहीत, गोष्टच सांगतात. नायक नाग्याचा हट्ट, लिंगोबाचा डोंगर, मधमाश्यांचं पोळं, सगळं ठाकर आदिवासींच्या कोरसमधून उलगडत जातं. 'मी रात टाकली'त लताबाईंचा आवाज त्या कोरसच्या मधून असा वर येतो, की चिंधीच्या भूमिकेतली स्मिता पाटील समोर उभी राहते. मधलं एकही गाणं ओलांडावंसं वाटत नाही. तुमचं मत कारणासकट सांगा.

करमाळ्याचा_गडी:
'सैराट'! दादा, २०१६ च्या उन्हाळ्यात 'झिंगाट' लागलं की पोरं पडद्यासमोर जाऊन नाचायची, ते इसरलात काय? पण माझं खरं प्रेम 'याड लागलं'वर. अजय-अतुलनी थेट हॉलिवूडमध्ये ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. आमच्याकडची ऊस-केळी, उजनीचं पाणी आणि त्यावर तेवढी व्हायोलिनं! आपल्या भागातल्या पोराच्या प्रेमाला एवढा थाट कुणी दिला होता? दुसरं म्हणजे गाणी चारच, तीही सगळी पूर्वार्धात. आर्ची-परश्या हैदराबादला गेले की गाणं बंद. शेवटी तर आवाजच नाही. ती चार गाणी कानात असतात म्हणून तो शेवट एवढा लागतो.

जुळे_सोलापूर:
तिसरंच नाव घेते, 'उंबरठा' (१९८२). तेही जब्बार पटेल आणि हृदयनाथच. सुरेश भटांचं 'सुन्या सुन्या मैफलीत माझ्या' लताबाईंनी किती संयमानं गायलंय, कुठंही रडणं नाही. घर सोडून निघालेल्या बाईचं गाणं असंच पाहिजे. आमच्या आईला हे फार आवडतं, मला तिच्यापेक्षा जास्त.

होटगीरोडकर:
ताई, 'सुन्या सुन्या' एकटं घेतलं तर तुमच्याशी वादच नाही. पण मी अख्ख्या अल्बमचं विचारतोय.

करमाळेकर, गाणी थांबतात तो मुद्दा एकदम बरोबर, आणि मंजुळ्यांची ती ताकद मला मान्य आहे. पण ती सिनेमाची झाली. पडदा बाजूला ठेवून नुसतं ऐका. 'सैराट'मध्ये मला चार सुंदर गाणी ऐकू येतात, 'जैत रे जैत'मध्ये अख्खी ठाकरवाडी. 'नभ उतरू आलं'मध्ये आशाबाई शब्द जिथं सोडतात, तिथं कान द्या. आज रात्री हेडफोन लावून सलग ऐका आणि मग इथं लिहा. मी वाट बघतो.

करमाळ्याचा_गडी:
ऐकतो की. पण 'याड लागलं' खाली येणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.