रिलीज मेडिकलला "कोई तकलीफ?" एवढं विचारून भागतं का?

खटावची_लेक

आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १९९२ ला भरती, २०१६ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. मधली दोन वर्षं आर.आर.मध्ये, म्हणजे राष्ट्रीय रायफल्समध्ये, काश्मीरात कुपवाड्याला. तिथं काम आर.ओ.पी.चं, म्हणजे पेरलेले सुरुंग शोधून रस्ता मोकळा करणाऱ्या तुकडीचं. पहाटे ताफा निघायच्या आधी रस्त्याच्या कडेनं चालत जायचं आणि काल नव्हतं असं आज काय दिसतंय ते बघायचं. टाकून दिलेली किटली, वायरीचं टोक, उकरलेली माती.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत नळयोजनेचा चर खणला, पाइप टाकून बुजवला. तेव्हापासून आण्णा त्या बाजूनं जात नाहीत. डेअरीला दूध घालायला मागच्या ओढ्यातनं वळसा मारून जातात. पावसाळ्यात चिखल तुडवत, हातात किटली घेऊन. खाली पाण्याचा पाइप आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे, टाकताना स्वतः उभं राहून बघितलाय. मी विचारलं तर म्हणाले, "डोक्याला कळतं गं, पायाला कळत नाही."

रिलीज मेडिकलला, म्हणजे घरी पाठवण्याआधीच्या तपासणीत, त्यांना विचारलं होतं, "कोई तकलीफ?" हे म्हणाले, "नहीं साब." ट्रंका बांधून झालेल्या, मागं रांग उभी, दुसरं काय म्हणणार? रक्तदाब, दात, डोळे, कान सगळं बघितलं. झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं असं की, घरी आल्यावर पहिली तीन वर्षं, वर्षातनं एकदा, मनाची तपासणी सक्तीची करा. पेन्शन चालू राहायला दरवर्षी हयातीचा दाखला मागता ना? माणूस आहे का ते विचारता, तर कसा आहे तेही विचारा. आणि हे लष्करानं स्वतःहून करावं, "आलात तर बघू" नको.

निवृत्त_सुभेदार

ताई, आण्णांना माझा जय हिंद सांगा. पण तुमच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

आमची तब्येत 'शेप'वर मोजतात. एस म्हणजे मन, एच कान, ए हातपाय, पी शरीर, ई डोळे. पाचही ठीक तर शेप-वन. गुडघ्यामुळं कॅटेगरी खाली आली तर पलटणीत लोक म्हणतात, ड्यूटीत दुखावला बिचारा. एस खाली आला की आधी हत्यार जातं, मग प्रमोशन अडकतं, मग कुजबुज. घरी आल्यावर डी.एस.सी. (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) नाहीतर मेस्को, म्हणजे माजी सैनिकांच्या महामंडळातर्फे गार्डची नोकरी, तिथंही तोच कागद आडवा येतो. हे सगळं जवानाला माहीत असतं. तुमची सक्तीची तपासणी म्हणजे आणखी तीनदा "नहीं साब".

मी १९८८ ला श्रीलंकेत होतो, १९९९ ला द्रासला. आमच्यात धर्मगुरू होते, सैनिक संमेलनात साहेबाला तोंडावर सांगता यायचं, आणि जोडीदार होता. तो आजही फोन करतो. चार माजी सैनिक जमले, दोन पेग झाले की जो तो मोकळा होतो. ही अमेरिकन थेरं आपल्याकडं नकोत.

खटावची_लेक

काका, त्या दोन पेगांचंच सांगते. कँटीनचा दारूचा कोटा दर महिन्याला न चुकता मिळतो. ई.सी.एच.एस., म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, २००३ पासून आहे, गोळ्या-औषधं मिळतात, नाही म्हणत नाही. पण आमच्या पॉलिक्लिनिकात मानसोपचारवाले डॉक्टर नाहीत. रेफरल घ्यायचं, जिल्ह्याच्या गावी पॅनेलवरच्या हॉस्पिटलात जायचं. पहिल्या खेपेला कळलं, ते डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. आम्ही गेलो होतो सोमवारी. आण्णा पुन्हा गेले नाहीत. बाटलीला वार लागत नाही.

समुपदेशक_पुणे

सुभेदारसाहेब, पी.टी.एस.डी., म्हणजे जिवावरच्या प्रसंगांनंतर मनावर राहणारा आघात, हे नाव अमेरिकन असेल. व्हिएतनामनंतर १९८० मध्ये त्यांनी ते त्यांच्या मानसिक आजारांच्या पुस्तकात घातलं. पण १९१५ मध्ये इंग्रज डॉक्टर त्याला शेल शॉक म्हणत होते, आणि त्या वेळी फ्रान्समधल्या खंदकांत आपलेही लोक होते. दुखणं नावाच्या आधीपासून होतं.

ताईंनी लिहिलेला तो ओढ्याचा वळसा, म्हणजे टाळणं, हे या आजाराच्या मुख्य लक्षणांपैकी एक. टाळल्यानं त्या घडीला बरं वाटतं, म्हणून टाळणं वाढत जातं. त्यावर उपचार आहेत, औषधं आहेत, आणि भीतीच्या जागेजवळ पायरीपायरीनं नेण्याची पद्धतही आहे. मात्र घरच्यांनी हात धरून त्या चरावरून ओढत नेऊ नका. हे मुद्दाम सांगते, कारण बरेच जण नेमकं तेच करतात.

सक्तीबद्दल मात्र मी सुभेदारसाहेबांच्या बाजूची. जी संस्था कॅटेगरी ठरवते तिच्याच माणसापुढं कोण मन उघडं करेल? तपासणाऱ्याचा कागद पेन्शन आणि नोकरीच्या फायलीत जाणार नाही, हे आधी लिहून द्या, मग सक्तीचं बोला. तोवर, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६. सैन्यदलांसाठी त्यांचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये इथं पुण्यातच, ए.एफ.एम.सी. या सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.

फौजीची_बायको

तुम्हाला कागद नको, पण कागदाशिवाय आमच्या घरात चूल पेटत नव्हती त्याचं काय? माझ्या मिस्टरांना नोकरीत असतानाच मानसिक आजार म्हणून मेडिकल बोर्ड करून घरी पाठवलं. शेरा काय, तर "नायदर ॲट्रिब्यूटेबल नॉर ॲग्रव्हेटेड". म्हणजे आजार नोकरीमुळं झालाही नाही आणि वाढलाही नाही. आद्याक्षरं जोडून याला 'नाना' म्हणतात. "नानामुळं पेन्शन अडलीय" असं आम्ही बोलायचो, तर सासूबाईंना वाटलं कुणी नाना नावाचे साहेब आहेत. म्हणाल्या, चल, मी येते, पाया पडू त्यांच्या.

भरतीला धडधाकट म्हणून घेतलं, मग नोकरीत आजार आला कुठून? सुप्रीम कोर्टानं २०१३ ला धरमवीर सिंग प्रकरणात हेच धरलं. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेमुळं झाला असं मानायचं, आणि तसं नाही हे सिद्ध करायचं सरकारनं. ते प्रकरण फेफऱ्याचं होतं, आमच्या वकिलांनी आमच्या केसला लावलं. चार वर्षांनी पेन्शन मिळाली. तोवर मी ब्लाउज शिवले. कागद गुप्त ठेवा म्हणणाऱ्यांनी हेही बघावं.

कोथरूडकर७१

थोडं अप्रिय लिहितो. २०२३ मध्ये कॅगनं डिसॅबिलिटी पेन्शनवर बोट ठेवलं होतं. निवृत्त होताना ती मिळणाऱ्यांचं प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत बरंच जास्त निघालं. त्याच वर्षी नवे नियम आले. आता ज्याचा एक्स-रे निघत नाही अशा आजाराची सक्तीची तपासणी म्हणजे रांगच लागेल. आणि ज्याच्या गाडीखाली माणूस आलं त्या एस.टी. ड्रायव्हरला कोण विचारतं? तो दुसऱ्या दिवशी परत स्टेअरिंगवर.

निवृत्त_सुभेदार

अधिकाऱ्यांच्या रक्तदाबाचं बिल जवानाच्या झोपेवर फाडू नका. त्या मुलीनं पैसे मागितलेत कुठं?

खटावची_लेक

एस.टी. ड्रायव्हरलाही विचारा की, मी कधी नको म्हटलं? आण्णांना वाढीव पेन्शन नकोय. त्यांना सरळ रस्त्यानं डेअरीला जायचंय.

@समुपदेशक, कागद वेगळा ठेवायचा हा मुद्दा पटला, मी तो धरला नव्हता. पण १४४१६ बद्दल एक शंका. फोन लावायला आधी स्वतःला काहीतरी झालंय हे मान्य करावं लागतं. चोवीस वर्षं "नहीं साब" म्हणालेला माणूस तो फोन लावेल?

समुपदेशक_पुणे

बहुधा नाही लावणार. घरच्यांनी लावला तरी चालतो, त्यांनी काय करायचं तेही सांगतात. पण तुमचा मुद्दा खोडता येत नाही.

पुसेगाव_एक्सप्रेस

तुम्ही निदान पेन्शनवाल्यांबद्दल भांडताय. माझा चुलतभाऊ अग्निवीर आहे. योजना जून २०२२ ची, चार वर्षांची, शंभरातले पंचवीस ठेवणार. पहिली तुकडी २०२६ च्या अखेरीस बाहेर पडायला लागेल. बाकीच्यांना पेन्शन नाही, ई.सी.एच.एस. नाही, माजी सैनिकाचा दर्जाही योजनेत धरलेला नाही. सेवेत असतानाच बोर्डानं अपंगत्व नोकरीमुळं ठरवलं तर एकरकमी भरपाई आहे. पण झोप उडाली बाहेर पडल्यावर दोन वर्षांनी, तर? तेव्हा पोरगं पंचविशीचं असेल, कुठल्यातरी मॉलच्या दारात. हयातीचा दाखलासुद्धा त्याला कुणी मागणार नाही.

कोथरूडकर७१

याला माझ्याकडं उत्तर नाही. सक्तीला विरोध कायम.

निवृत्त_सुभेदार

माझाही कायम. जवानाला रांगेत उभं करून मन तपासता येत नाही, हे मी पुन्हा लिहितो. अग्निवीरांचं मात्र खरं आहे. त्यांना आमच्यासारखी पलटणही धड मिळत नाही, चार वर्षांत जोडीदार कुठला?

ताई, आण्णांची बटालियन कुठली ते निरोपात कळवा. मी कोरेगावचाच आहे. रविवारी चक्कर मारतो. तपासणी वगैरे नाही, नुसता बसेन. ओढ्यातनं डेअरीला जायचं असेल तर ओढ्यातनं जाऊ.

खटावची_लेक

आत्ताच विचारलं. आधी कोण, कुठले, कुठल्या सालचे, अशी सगळी चौकशी केली. मग म्हणाले, "येऊ दे. येताना बाटली नको म्हणावं."