मदत हवी आहे: केडीईच्या मराठी भाषांतरासाठी कमिटचे अधिकार

नमस्कार मंडळी,

केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मराठी भाषांतरात मी काही महिने लोकलाइझ हे भाषांतराचे साधन वापरून काम करत आहे. केडीईचा मूळ कोड गिट या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीवर गेला असला, तरी भाषांतराच्या पीओ फायली (मूळ वाक्ये आणि त्यांची भाषांतरे असलेल्या) अजूनही सबव्हर्जन (एसव्हीएन) या जुन्या प्रणालीमध्येच असतात आणि तिथे मला फक्त वाचनाचा अधिकार आहे, कमिटचा म्हणजे बदल थेट जमा करण्याचा नाही. त्यामुळे प्रत्येक फाईल दुसऱ्या सदस्याकडे पाठवून त्यांच्या सवडीची वाट पाहावी लागते. दरम्यान मूळ वाक्ये बदलली, की स्वयंचलित स्क्रिप्ट माझी काही भाषांतरे ‘फझी’ (पुन्हा तपासायला हवीत अशी) ठरवते आणि तेच काम पुन्हा करावे लागते.

कमिटच्या अधिकारासाठी लागणाऱ्या डेव्हलपर खात्याच्या अर्जात पाठिंबा देणाऱ्या जुन्या सदस्याचे नाव द्यायचे असते. माझ्या फायली आजवर कमिट करणाऱ्या व्यक्तीचे नाव पुरेसे ठरेल, की भाषेच्या समन्वयकाचेच हवे? थेट विचारणे आगाऊपणाचे वाटेल अशी धास्ती आहे. मंजुरीनंतर एसएसएच सार्वजनिक की (सुरक्षित जोडणीत ओळख पटवणारी किल्ली) नोंदवावी लागते, हे मला ठाऊक आहे. मात्र अनामिक (खात्याविना फक्त वाचता येणाऱ्या) सर्व्हरवरून उतरवलेली सध्याची प्रत ‘एसव्हीएन रिलोकेट’ या आज्ञेने नव्या पत्त्याला जोडता येईल, की सर्व फायली पुन्हा उतरवाव्या लागतील? हा मार्ग प्रत्यक्ष चाललेल्यांनी कृपया सांगावे.