मदत हवी आहे: गेमिंग पीसीला किती वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) घेऊ? उद्या सकाळच्या आत सांगा

केळीबाग_९ (रात्री ८.१०)
नमस्कार मंडळी. गेम चालू असताना पीसी फटकन बंद पडतो. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, पंखेसुद्धा थांबतात. लाईट गेल्यासारखं होतं, पण घरातली लाईट चालूच असते. मित्र म्हणतो एसएमपीएस बदल. आतेभाऊ उद्या सकाळी जळगावला गोलाणी मार्केटला जातोय, त्याच्याकडून मागवतो. सध्या ५०० वॅटचा आहे. ६०० घेऊ की ७५०? बजेट ५ हजार. फक्त वॅट सांगा, बाकी सगळं ठीक आहे.

तापीकाठ (८.१६)
ग्राफिक्स कार्ड? प्रोसेसर? ५०० वॅटचा म्हणजे कोणता?

शेवभाजी_डबल_तर्री (८.१९)
८५० गोल्ड घे. डोळे झाकून. दहा वर्षं बघायला नको.

अहिरानी_गडी (८.२०)
पहिले कार्ड कोनतं शे ते सांग ना भो. मंग वॅट.

केळीबाग_९ (८.२८)
कार्ड साधंच आहे, ३०६०. दिवाळीत सेकंडहँड घेतलं. प्रोसेसर आय५. एसएमपीएस कॅबिनेटसोबतच आला होता. ८५० बजेटात बसत नाही दादा.

तापीकाठ (८.३३)
"कॅबिनेटसोबतच आला होता" हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं, तू शेवटी लिहिलंस. आणि आय५ कोणता? आय५ नावाने कितीतरी प्रोसेसर निघालेत.

केळीबाग_९ (८.३५)
१२४००एफ. घाई आहे हो, भाऊ पहाटे निघतो.

फॉर्मॅट_मारा (८.४१)
विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर उघडा. कर्नल पॉवर ४१ दिसतंय का? माझ्याकडे हेच होतं. विंडोज नव्याने टाकलं, गायब झालं. उगाच पाच हजार घालवू नका.

केळीबाग_९ (८.४७)
हो! ४१ आहे! बऱ्याच वेळा आहे. म्हणजे विंडोजचा प्रॉब्लेम?

तापीकाठ (८.५२)
नाही. ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी संगणक रीतसर बंद झाला नव्हता. तू वायर उपटलीस तरी ४१ येणार. कारण त्यात कळत नाही. फॉर्मॅट करू नकोस, रात्र त्यातच जाईल.

फॉर्मॅट_मारा (८.५५)
माझा गेला म्हणून सांगितलं. ऐकायचं नसेल तर विचारता कशाला.

निवृत्त_वायरमन (९.०२)
मुला, गाव कोणतं? आणि बंद पडतो तो संध्याकाळीच का?

केळीबाग_९ (९.०५)
फैजपूरजवळ. हो नाना, बहुतेक संध्याकाळीच पडतो. पण मी खेळतोच संध्याकाळी.

निवृत्त_वायरमन (९.१४)
वाटलंच. केळीचा पट्टा आहे तो. थ्री फेज आली की शेतातले पंप एकदम चालू होतात आणि घरातले दिवे पिवळे पडतात. मी स्वतः मल्टीमीटर लावून संध्याकाळी १७५ व्होल्ट बघितलेत. नवीन घेशील तेव्हा लेबलावर इनपुट वाच. १००-२४० लिहिलं असेल तर १७५ वर त्याला काही होत नाही, करंट थोडा जास्त ओढेल इतकंच. २००-२४० लिहिलेला घेऊ नकोस, त्याला १७५ कमी पडतील. वेगळ्या स्टॅबिलायझरचीही मग गरज नाही. बरं, मध्ये यूपीएस किंवा इन्व्हर्टर काही आहे का?

केळीबाग_९ (९.१७)
यूपीएस आहे ना, ६०० व्हीएचा. तो तर सगळ्यांकडेच असतो.

तापीकाठ (९.१९)
अरे देवा.
६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॅट. त्यावर मॉनिटर पण असेल. आत्ता पीसी थेट भिंतीच्या सॉकेटला लाव आणि गेम चालव. यूपीएसच दमत असेल तर एसएमपीएस बदलून काही होणार नाही.

सातपुड्याची_पोर (९.२४)
एसएसडी टाक, माझा लॅपटॉप पळायला लागला.

अहिरानी_गडी (९.२५)
ताई, त्याचा पळतच शे. मधेच पडस, हाई भानगड शे.

केळीबाग_९ (९.५०)
थेट लावला. वीस मिनिटांत बंद. तापमान बघत होतो, प्रोसेसर ७४, कार्ड ७१. खोलीत कूलर चालू आहे.

भुसावळ_जंक्शन (९.५३)
तुमच्याकडे कूलर काम करतो म्हणजे नशीब. आमच्याकडे मे महिन्यात कूलरमधूनही झळच येते. तिकडे दीपनगरात एवढी वीज तयार होते आणि इकडे आम्ही रात्री गच्चीवर पाणी मारतोय.

शेवभाजी_डबल_तर्री (९.५६)
म्हणूनच म्हणतो, भुसावळला ४५ अंशात ८५० गोल्ड.

तापीकाठ (१०.०१)
केळीबाग, यूपीएस सुटला. आता झाकण काढ आणि एसएमपीएसवरचं लेबल वाच. +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते हवंय. मोठ्या अक्षरातले वॅट नकोत. आणि कार्डाला वायर कुठून आली आहे तेही बघ.

केळीबाग_९ (१०.१२)
+३.३ च्या खाली २२, +५ च्या खाली २५, +१२ च्या खाली १८. कार्डाची ८ पिन थेट एसएमपीएसमधून येत नाही. दुकानदाराने एक जोडवायर दिली होती, जुन्या हार्डडिस्कच्या चार पिनवाल्या दोन वायरींमधून. चालत होतं म्हणून बघितलं नाही.

तापीकाठ (१०.३१)
सापडलं. आता नीट वाच.
१८ गुणिले १२ म्हणजे २१६. तुझ्या "५०० वॅट"च्या डब्यातून १२ व्होल्टवर जेमतेम २१६ वॅट मिळणार, तेही लेबल खरं बोलत असेल तर. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ वर दाखवून बेरीज फुगवलेली आहे. जुन्या काळी ते लागत, आजच्या पीसीत जवळजवळ सगळा भार १२ वर असतो.
आता खर्चाची बाजू. ३०६० ला १७० वॅट. १२४००एफ वर ६५ लिहिलेलं असतं, पण टर्बोत, म्हणजे पूर्ण जोर लावताना, तो ११७ पर्यंत जाऊ शकतो. झाले २८७. बोर्ड, रॅम, पंखे, डिस्क यांचे ४०-५० धर. ३३० च्या आसपास. शिवाय ही कार्डं क्षणभर उसळी मारतात, ती १७० मध्ये धरलेली नाही. गेममध्ये प्रोसेसर पूर्ण ११७ खात नाही, म्हणून वीस मिनिटं तरी तग धरतो.
जोडवायर आधी काढ. ८ पिनवर १५० वॅटपर्यंत भार येऊ शकतो, उरलेले ७५ पर्यंत बोर्डवरच्या स्लॉटमधून. त्या बारक्या वायरी एवढ्यासाठी नसतात. हात लावून बघ, गरम असतील.

केळीबाग_९ (१०.३६)
गरम आहेत. प्लास्टिक जरा पिवळं पडलंय. पण मग दिवाळीपासून कसं चाललं?

तापीकाठ (१०.३८)
तूच सांग, गेल्या महिन्यात काय बदललंस?

केळीबाग_९ (१०.४१)
काही नाही. फक्त मॉनिटर नवीन घेतला, १४४ हर्ट्झवाला.

अहिरानी_गडी (१०.४२)
😂😂 काही नही म्हने

तापीकाठ (१०.४७)
आधी जुन्या मॉनिटरसाठी ६० वर बांधलेलं कार्ड अर्धवट काम करत होतं. आता ते १४४ साठी पूर्ण ताकद लावतंय, वर उन्हाळा. उष्ण हवेत असा हलका डबा लेबलाइतकंही देत नाही. खात्री करायची असेल तर जोडवायर गार होऊ दे आणि एकदाच, दहा मिनिटं, फ्रेम सेकंदाला ६० वर बांधून आणि आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ६५ टक्क्यांवर आणून चालव. समोर बस, वास आला तर बंद कर.

निवृत्त_वायरमन (१०.५०)
मी म्हणेन तेही करू नकोस. पिवळं पडलेलं प्लास्टिक म्हणजे पुरावा मिळाला. आज रात्री खेळ बंद.

केळीबाग_९ (११.०४)
सॉरी नाना, करून बघितलं. दहा मिनिटं बंद पडला नाही. आता काढून ठेवलाय. मग किती वॅटचा?

शेवभाजी_डबल_तर्री (११.०६)
८५०.

तापीकाठ (११.१५)
एनव्हिडिया स्वतः ३०६० साठी ५५० सांगते. चांगला ५५० पुरतो, ६५० मिळाला तर पुढच्या कार्डाला जागा राहील. भावाला सांग, लेबलावर १२ व्होल्टला ४० च्या वर अँपिअर, इनपुट १००-२४०, कार्डाची ६+२ पिन वायर थेट डब्यातून आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी. पक्कं बिल. एवढं चार ओळीत लिहून दे, दुकानदाराने "हाच चालतो भाऊ" म्हटलं तरी वाचून दाखवायचं.

शेवभाजी_डबल_तर्री (११.१९)
आणि गोल्ड नको? बिल वाचतं म्हणून सांगतोय. ब्रॉन्झ वीज खातो.

तापीकाठ (११.२७)
हिशेब करू. हे शिक्के देणाऱ्या ८० प्लसच्या ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्रॉन्झला ८५ टक्के लागतात, गोल्डला ९०. पीसी ३०० वॅट घेत असेल तर भिंतीतून ३५३ किंवा ३३३. फरक २० वॅट. रोज तीन तास खेळला तर महिन्याला दोन युनिटसुद्धा नाहीत. गोल्ड वाईट नाही, पण तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, आतल्या मालाचा नाही.

भुसावळ_जंक्शन (११.३०)
पण ८५० घेतला तर बिल वाढेल ना? जास्त वॅट म्हणजे जास्त वीज?

तापीकाठ (११.३२)
नाही. पीसीला लागेल तेवढंच घेतो. टाकी मोठी बांधली म्हणून घरचं पाणी जास्त खर्च होत नाही.

शेवभाजी_डबल_तर्री (११.३३)
बघा, म्हणजे ८५० ला हरकत नाही.

आसोदा_भरीत (११.३६)
गोलाणीला चाललाच आहे तर भावाला येताना भरिताची वांगी आणायला सांग. मे मध्ये थंडीसारखी मिळणार नाहीत, तरी.

अहिरानी_गडी (११.३८)
आते झोपा.

केळीबाग_९ (दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ७.४०)
आला! ६५० ब्रॉन्झ, ५२०० ला. १२ व्होल्टला ५४ अँपिअर लिहिलंय, इनपुट १००-२४०. दुकानात आधी "सेम क्वालिटी" म्हणून १८०० चा दाखवला, भावाने चिठ्ठी काढली. दोन तास १४४ वर खेळलो, एकदाही बंद नाही. तापीकाठ दादा, खूप आभार. नाना, तुमचेही.
एकच विचारायचं होतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. जुन्याला येत नव्हत्या. पीस खराब आला का? भावाला परत पाठवू?

शेवभाजी_डबल_तर्री (७.४४)
परत कर. ८५० आण.

निवृत्त_वायरमन (७.५८)
थांब, पाठवू नकोस. पीस चांगला आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये फिल्टर असतो, तो थोडासा करंट बॉडीवरून अर्थिंगला सोडतो. अर्थिंगच नसेल तर बॉडीवर निम्मा व्होल्टेज तरंगतो आणि हाताला मुंग्या येतात. तुझ्या जुन्या डब्यात तो फिल्टरच बसवला नसेल. प्लगची तिसरी, जाड पिन सॉकेटात जाते का?

केळीबाग_९ (८.०३)
एक्स्टेंशनची ती पिन बाबांनी कापलीय. भिंतीवरचा सॉकेट जुना दोन भोकांचा आहे.

निवृत्त_वायरमन (८.११)
बाबांना माझा नमस्कार सांग आणि वायरमन बोलव. तीन पिनचा सॉकेट, त्याला खरी अर्थिंगची वायर. न्यूट्रलला जोडून देतो म्हणाला तर हाकलून दे. घराचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे तेही विचार. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते आणि खड्ड्यात वर्षानुवर्षं कुणी तांब्याभर पाणी ओतलेलं नसतं.

केळीबाग_९ (८.१५)
वायरमन रविवारी येतो म्हणतोय. तोवर चप्पल घालून खेळतो.

निवृत्त_वायरमन (८.१६)
चप्पल घालून बाहेर जा. पीसी बंद.