अनंत बूलियन अल्जेब्राची सबअल्जेब्रा कुठल्या कुठल्या साइझची असू शकतात?

प्रश्न:
नॅचरल नंबर्सच्या सगळ्या सबसेट्सचं बूलियन अल्जेब्रा (युनियन, इंटरसेक्शन, कॉम्प्लिमेंट करता येतात अशी रचना) घेतलंय; त्याचा जो भाग या तिन्ही क्रियांखाली बंद राहतो तो सबअल्जेब्रा. त्यात फायनाइट आणि कोफायनाइट (ज्यांचं कॉम्प्लिमेंट फायनाइट आहे अशा) सेट्सचं काउंटेबल सबअल्जेब्रा आहे हे दिसतंच, पण काउंटेबल आणि कंटिन्युअम (सगळ्या सबसेट्सची संख्या) यांच्या मधल्या साइझचं काय? कंटिन्युअम हायपोथिसिस (अशी मधली साइझ नसतेच हे विधान) खोटी धरली तर बरोब्बर अ‍ॅलेफ-वन (काउंटेबलनंतरची लगेचची इन्फिनिट साइझ) साइझचं मिळेलच का? शिवाय मेझर थिअरीत सांगतात की काउंटेबल इन्फिनिट सिग्मा अल्जेब्रा (ज्यात काउंटेबल युनियनही घेता येतात) नसतंच, मग हे दोन्ही एकत्र बसतं कसं?

उत्तर:
मिळतं की! कुठलेही अ‍ॅलेफ-वन एलिमेंट्स उचल आणि त्यांनी जनरेट होणारं सबअल्जेब्रा घे. त्यातलं प्रत्येक एलिमेंट म्हणजे उचललेल्यांपैकी थोडे आणि त्यांचे कॉम्प्लिमेंट्स घेऊन आधी इंटरसेक्शन मग युनियन, सगळं फायनाइट वेळा, आणि असे फॉर्म्युले एकूण अ‍ॅलेफ-वनच होतात. मूळ अल्जेब्राच्या साइझपर्यंतच्या कुठल्याही इन्फिनिट कार्डिनलला (म्हणजे साइझला) हेच चालतं, पॉवर सेटचं त्यात काही कौतुक नाही.

दुसरं उत्तर:
फायनाइट सबअल्जेब्रांमध्ये मात्र साइझ फक्त 2, 4, 8, 16 अशाच, 6 साइझचं शोधत बसू नकोस, कारण n अ‍ॅटम्स (आणखी न फुटणारे सगळ्यात छोटे तुकडे) असले की साइझ 2 चा n वा घात. पण हे सगळे मिळतात. 1 चे (म्हणजे सगळ्यात मोठ्या एलिमेंटचे, इथे पूर्ण सेटचे) दोन तुकडे कर, एकाखाली तरी इन्फिनिट एलिमेंट्स उरतातच, तो परत फोड, दुसरा बाजूला ठेव. हवे तेवढे तुकडे झाले की थांब.

आता न थांबता फोडतच राहिलास तर बाजूला ठेवलेले तुकडे अनंत, आणि एकमेकांपासून डिसजॉइंट. सिग्मा अल्जेब्राची खरी गंमत इथे आहे. काउंटेबल युनियनची मुभा असल्यामुळे त्यातले कुठलेही तुकडे निवडून जोडता येतात, प्रत्येक निवडीचं एलिमेंट वेगळं येतं, म्हणजे कमीत कमी कंटिन्युअम इतके एलिमेंट्स झालेच. साध्या सबअल्जेब्राला फक्त फायनाइट युनियन लागतात म्हणून ते काउंटेबल राहू शकतं.

प्रश्नकर्ता:
अच्छा, म्हणजे सिग्मा अल्जेब्रा कंटिन्युअमच्या वर कुठल्याही साइझचं चालेल?

उत्तर:
नाही रे. इन्फिनिट कम्प्लीट (कितीही एलिमेंट्सचं युनियन आत असलेल्या) बूलियन अल्जेब्राची साइझ कापा म्हटली तर कापाचा अ‍ॅलेफ-झीरोवा (काउंटेबल इन्फिनिट साइझचा) घात कापाच राहतो, हे गणितज्ञ पियर्सने 1958 मध्ये दाखवलं, आणि सिग्मा-कम्प्लीटलाही (फक्त काउंटेबल युनियन आत असलेल्यालाही) तेच लागू होतं. अ‍ॅलेफ-ओमेगाचा (अ‍ॅलेफ-झीरो, अ‍ॅलेफ-वन, अ‍ॅलेफ-टू अशा सगळ्यांच्या लगेच वरच्या साइझचा) तो घात कोनिगच्या थिअरममुळे अ‍ॅलेफ-ओमेगापेक्षा मोठाच येतो, त्यामुळे कंटिन्युअम कितीही असो, त्या साइझचं सिग्मा अल्जेब्रा कधीच मिळत नाही. साधं बूलियन अल्जेब्रा मात्र त्या साइझचं आरामात मिळतं, तेवढे जनरेटर घेतले की झालं.