बजेट 40 हजार: साउंडबार नको, आधी पुढचे तीन स्पीकर बदला

डोंबिवलीकर_ऐकतोय

आमच्या सोसायटीतल्या एका मित्राला सल्ला हवाय. त्याच्याकडे दहाएक वर्षांपूर्वीचा 5.1 रिसीव्हर आहे (पाच स्पीकर आणि एक सबवूफर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे अ‍ॅम्प), व्यवस्थित चालतोय. सोबत आलेले मुठीएवढे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त बेस वाजवणारी पेटी. हॉल 10 बाय 15, भिंतीवर 55 इंची टीव्ही. तक्रार एकच: गाणी, मारामारी सगळं दणक्यात, पण माणसं काय बोलतात ते कळत नाही. बजेट 40 हजार. दुकानदार म्हणाला, हे सगळं काढून टाका आणि अ‍ॅटमॉसवाला (वरूनही आवाज येतोय असं भासवणारा) साउंडबार न्या.

माझं मत नेमकं उलट आहे. रिसीव्हर ठेवा, सबवूफर ठेवा, मागचे दोन छोटे स्पीकरसुद्धा ठेवा. पैसा सगळा डावा, उजवा आणि मधला या तिघांवर घाला.

5.1 मध्ये संवाद जवळजवळ पूर्ण मधल्या स्पीकरमधून येतात. मुठीएवढ्या डबीत तीन इंची कोन (आवाज काढणारा शंकू) असतो, तो साधारण 150 हर्ट्झच्या (सेकंदाला 150 कंपनं; आकडा लहान तितका आवाज जाड) खाली दमतो. पुरुषी आवाजाचा पाया असतो 85 ते 180 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे बोलण्याचा खालचा भाग त्या डबीला वाजवताच येत नाही. मग रिसीव्हर तो सबवूफरकडे ढकलतो. 80 हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय ते कानाला फारसं कळत नाही, म्हणून सबवूफर कोपऱ्यात असला तरी चालतं. पण 150 चा आवाज कुठून येतोय ते बरोबर कळतं. नट पडद्याच्या मध्यभागी उभा आणि त्याचा अर्धा घसा सोफ्याच्या कोपऱ्यात, असं होतं. व्हॉल्यूम कितीही वाढवा, बोलणं सुटं होत नाही.

हिशोब असा: पाच-साडेपाच इंची वूफरची (जाड आवाजाच्या कोनाची) बुकशेल्फ जोडी, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन सुट्या पेट्या, 20 हजारांपर्यंत, त्याच सिरीजचा सेंटर, म्हणजे मधला स्पीकर, 12 पर्यंत. सिरीज एकच हवी, नाहीतर गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो. उरलेल्या पैशात तांब्याची 1.5 स्क्वेअर एमएमची वायर आणि एक जाड गालिचा. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली साधी मल्टिस्ट्रँड पुरते. दहा मीटर नेली तरी जाऊन-येऊन रेझिस्टन्स पाव ओहमच्या आसपास, 8 ओहमच्या स्पीकरपुढे तो काहीच नाही.

'जुन्या रिसीव्हरवर 4के चालत नाही' ही भीतीही दाखवतात. सेट टॉप बॉक्स, स्टिक, सगळं टीव्हीला लावा आणि टीव्हीतून एकच एचडीएमआय केबल एआरसीने (टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे नेणारी सोय) रिसीव्हरला न्या. एआरसी 2009 च्या एचडीएमआय 1.4 पासून आहे. चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, मग 4के चा प्रश्न येतो कुठे? एआरसी नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे आवाज प्रकाशाने नेणारी केबल. त्यातूनही 5.1 डॉल्बी डिजिटल मिळतो.

घोडबंदर_रोड

हे सगळं स्वतःच्या घरात राहणाऱ्यांसाठी ठीक आहे. आम्ही भाड्याने राहतो. मालक भिंतीला एक खिळा ठोकू देत नाही, मागच्या स्पीकरच्या वायरी कुठून नेणार? दर दोन-तीन वर्षांनी घर बदलायचं, प्रत्येक वेळी पाच स्पीकर, रिसीव्हर, सबवूफर खोक्यात भरायचं.

आणि घरात सासूबाई आहेत. त्यांना दुपारी मालिका बघायची असते. टीव्हीचा रिमोट, बॉक्सचा रिमोट, वर रिसीव्हरचा तिसरा, त्यात चुकून इनपुट बदललं की मला ऑफिसात फोन. साउंडबार लावल्यापासून हा प्रश्न संपलाय. टीव्ही चालू केला की तो चालू, टीव्हीच्या रिमोटनेच आवाज कमी-जास्त. बोलणं स्पष्ट करणारा मोड आहे, तो त्या स्वतः लावतात. माझ्या मते तुमच्या मित्राने 20-25 हजारांचा, वेगळ्या वायरलेस सबवूफरचा साउंडबार घ्यावा आणि उरलेले पैसे वाचवावेत. घरातल्या प्रत्येकाला वापरता आली तरच ती सोय.

डोंबिवलीकर_ऐकतोय

ताई, सासूबाईंचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ती सोय साउंडबारची नाही, एचडीएमआय सीईसीची आहे. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे सीईसी चालू केलं की रिसीव्हरही टीव्हीबरोबर सुरू होतो आणि आवाज टीव्हीच्याच रिमोटने चालतो. तिसरा रिमोट ड्रॉवरमध्ये.

वायरींचं म्हणाल तर मी सांगतोय ते तिन्ही स्पीकर टीव्ही युनिटवरच बसतात. मागच्या दोघांना भाड्याच्या घरात सुट्टी द्या, रिसीव्हरला सेटिंगमध्ये सांगा की ते नाहीत, तो त्यांचा आवाज पुढच्या दोघांत मिसळतो. माझा साउंडबारला खरा विरोध दुसऱ्याच कारणाने आहे. त्यात अ‍ॅम्प, डीकोडर (डिजिटल आवाज उलगडणारा भाग), स्पीकर सगळं एकाच खोक्यात. वॉरंटी संपल्यावर बोर्ड गेला की चांगले स्पीकरही भंगारात. सुटा स्पीकर नीट वापरला तर 20 वर्षं जातो, अ‍ॅम्प मध्ये बदलता येतो.

कानसेन_सांगली

दोघांशीही असहमत. 40 हजारांत तीन मध्यम स्पीकर घेण्यापेक्षा दोन उत्तम घ्या. सेंटर घेऊच नका.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटर 'नाही' म्हणून सांगितलं की मधला आवाज सारखा वाटून डाव्या-उजव्याला जातो, प्रत्येकाकडे 3 डेसिबल कमी करून. दोन्ही स्पीकर आणि बसणारा माणूस यांचा समभुज त्रिकोण जमला की आवाज बरोबर पडद्याच्या मधून येतो. तिथे स्पीकरच नाही हे पाहुण्यांना सांगावं लागतं.

आणि स्वस्त सेंटरची रचना बघितलीत का? आडवी पेटी, दोन बाजूंना दोन वूफर, मध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर). समोर बसलात तर ठीक. बाजूला सरकलात की दोन वूफरचं अंतर कानापासून वेगवेगळं होतं, काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खातात, आणि त्या नेमक्या बोलण्याच्या पट्ट्यातल्या असतात. संवादासाठी घेतलेला स्पीकर संवादच बिघडवतो. 32 हजारांत जी जोडी मिळते ती 20 वाल्या जोडीच्या फार पुढे असते. शिवाय सिनेमा आठवड्यातून एखादा. रोज सकाळी नाट्यसंगीत, शास्त्रीय ऐकायचं ते दोनच स्पीकरवर. तानपुऱ्याची जवारी चांगल्या जोडीवर ऐका, मग सेंटरसाठी पैसे तोडायची इच्छा होणार नाही.

सोल्डरिंग_गन_रत्नागिरी

मी रिपेअरिंगमध्ये आहे. कुठला स्पीकर घ्यायचा यावर तुम्ही भांडा, पण हातातलं काय टिकणार आहे ते आधी तपासा.

एक, तो रिसीव्हर 'डबा सेट'मधला (स्पीकरसकट एकाच खोक्यात मिळणारा) आहे की सुटा? मागे ओहम लिहिलेले असतात. डबा सेटचे अ‍ॅम्प बरेचदा 3 ओहमच्या स्पीकरसाठी असतात. त्यावर 8 ओहमचा लावला तर काही जळत नाही, पॉवर मात्र निम्म्याहून खाली येते. आकडा ऐकून घाबरू नका, आवाजात फरक चारेक डेसिबलचाच. हॉल 10 बाय 15 चा असेल तर पुरतो. उलटं करू नका: ज्यावर किमान 6 किंवा 8 ओहम लिहिलंय त्याला 4 ओहमचा स्पीकर लावून मोठ्याने वाजवला की अ‍ॅम्प तापतो आणि प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःच बंद पडतो. आणि खोक्यावर पीएमपीओ (क्षणभराच्या पॉवरचा फुगवलेला आकडा) लिहिलं असेल तर तो आकडा वाचूच नका, आरएमएस (सतत मिळणारी पॉवर) विचारा.

दोन, एखादा चॅनल अधूनमधून बंद पडतो आणि व्हॉल्यूम वाढवला की परत येतो, असं होतंय का? तो स्पीकरचा दोष नसतो. आतल्या रिलेचे (आपोआप चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट काळे पडलेले असतात. आमच्याकडे समुद्रकाठच्या हवेत हे फार. थोडक्यात दुरुस्त होतं.

तीन, सबवूफरची जाळी काढून कोनाच्या कडेला बोट लावा. रबर असेल तर मऊ, लवचीक लागेल. फोम असेल आणि बोटाला काळी, चिकट पूड लागली तर तो कुजलाय, पुढच्या पावसाळ्यात फाटणार. कोनाची कड बदलून मिळते, नवीन सबवूफर घ्यायची गरज नाही. माझ्या टेबलावर येणाऱ्या 'बेस फाटतोय' म्हणणाऱ्या सेटमध्ये बरेचदा हेच निघतं.

वापरलेला रिसीव्हर घेणार असाल तर प्रत्येक चॅनल वाजवून बघा, सगळे एचडीएमआय पोर्ट तपासा आणि सेटअपचा माइक सोबत मागा. तो हरवलेला असला की ऑटो कॅलिब्रेशन (खोलीप्रमाणे स्पीकर आपोआप जुळवणं) गेलं.

एडिसन_एनजे

इथून एक भर. 'अमेरिकेतून स्वस्तात रिसीव्हर आणतो' या फंदात पडू नका. इथलं मशीन 120 व्होल्ट, 60 सायकलचं (म्हणजे हर्ट्झचं). भारतात स्टेप डाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावलात तरी सायकल 50 च राहतात आणि 60 साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. वॉरंटीही नाही. साध्या पॅसिव्ह (आत अ‍ॅम्प नसलेल्या) स्पीकरला हा त्रास नाही, पण त्यांचं वजन विमानात कोण नेणार!

आतली_बाजू_पुणे

मी इंटिरिअरचं काम करते. 40 हजारांतला एकही रुपया खर्च करायच्या आधी हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. शेवटी झण्ण अशी शेपटी ऐकू आली तर संवाद न कळण्याचं मोठं कारण तिथे आहे. आपले हॉल म्हणजे खाली व्हिट्रिफाइड टाइल, वर स्लॅब, बाजूला प्लास्टर आणि एका भिंतीला काचेची सरकती खिडकी. प्रत्येक शब्द चार ठिकाणी आपटून कानावर येतो. जाड गालिचा, खिडकीला चुणीदार जाड पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट: यांनी जे होतं ते दहा हजारांच्या जास्तीच्या स्पीकरने होत नाही.

पडद्याने बेस मात्र आवरत नाही, आणि अंड्याच्या ट्रे भिंतीला चिकटवून तर काहीच होत नाही. बेसचं गणित वेगळं. 15 फूट लांबीला 37-38 हर्ट्झवर आणि 10 फूट रुंदीला 56 वर हॉल स्वतःच घुमतो. उंची साडेनऊ-दहा फूट असली की तीही त्याच आकड्याच्या जवळ येते, म्हणजे एकावर एक चढलेली घुमी. सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला असेल तर ती सर्वांत जास्त तिथेच ऐकू येते. सोफा दीड-दोन फूट पुढे घ्या. मग सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, भरपूर बेसचं गाणं लावा आणि गुडघ्यावर बसून भिंतीच्या कडेने रांगत फिरा. एका ठिकाणी बेस घुमेल, दुसरीकडे गायबच होईल, आणि एका जागी प्रत्येक स्वर सारखा, सुटा ऐकू येईल. सबवूफरची जागा ती.

आणि कृपा करून बुकशेल्फ स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात कोंबू नका. नावात शेल्फ असलं तरी कप्पा त्यांचा शत्रू आहे. सेंटर ठेवायचाच तर कप्प्याच्या अगदी कडेला आणा आणि पुढून थोडा उचलून त्याचं तोंड कानाकडे करा.

तिसरा_मजला

सबवूफर कुठे ठेवायचा याबद्दल खालच्या मजल्यावरून बोलते. ध्वनी प्रदूषण नियम 2000 प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 10 नंतर 45 डेसिबल. पण ते मोजमाप 'ए' वेटिंगचं (माणसाच्या कानाप्रमाणे जाड आवाज कमी धरणारं) असतं, 50 हर्ट्झला त्यात जवळपास 30 डेसिबल वजा होतात. मीटर म्हणतो सगळं ठीक, आणि माझ्या घरात भांडी थरथरतात. बेस स्लॅबमधून उतरतो, दार लावून थांबत नाही. रात्री सबवूफर बंद करा आणि रिसीव्हरचा नाइट मोड लावा. मोठे आवाज दबतात, हळू संवाद वर येतात. मूळ तक्रारही संवादाचीच आहे ना? मग हे फुकटातलं सेटिंग आजच करून बघायला सांगा.

डोंबिवलीकर_ऐकतोय

नाइट मोड, सोफा, रांगण्याचा प्रयोग, फोमची तपासणी, हे सगळं मित्राला आजच पाठवतो. गालिच्याला मी हिशोबात शेवटचं ठेवलं होतं, तो पहिला जाईल.

पण कानसेन, सेंटरवर मी ठाम आहे. तुमचा समभुज त्रिकोण एका माणसापुरता आहे. मित्राच्या घरी पाच माणसं: तिघं सोफ्यावर, आजोबा डावीकडच्या दिवाणावर, मुलगी खाली गादीवर. आजोबांच्या कानाला डावा स्पीकर जवळ. दोन्हींतून एकच आवाज आला तरी कान जो आधी पोचला त्याचीच दिशा धरतो, म्हणजे त्यांच्यासाठी पडद्यावरची सगळी माणसं डाव्या कोपऱ्यातून बोलणार. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांनाच सर्वांत वाईट जागा. आडव्या सेंटरचा दोष खरा आहे, पण बोलणं निदान टीव्हीतून येतंय असं तरी वाटतं. दिवाण थोडा मध्ये सरकवला की तो दोषही कमी होतो.

घोडबंदर_रोड

हे आजोबांचं पटलं. साउंडबार मी काढणार नाही, पण तो आमच्याकडे टीव्हीच्या बरोबर खाली असल्यामुळेच सासूबाईंना कुठेही बसून बोलणं समजतं, हे आता लक्षात येतंय.

कानसेन_सांगली

आजोबांसाठी सेंटर हवा, इतकं मान्य. तरी 20 हजारांची जोडी आणि 12 चा सेंटर एकाच दिवशी उचलू नका. आधी जोडी आणा आणि 25 पर्यंत जा. सेंटर 'नाही' करून दोन-तीन आठवडे घरच्यांना नेहमीच्या जागी बसून बघू द्या. आजोबांना शब्द कळले तर 15 हजार वाचले. नाही कळले तर त्याच सिरीजचा सेंटर तेव्हा आणा, सिरीज चालू आहे ना हे जोडी घेतानाच दुकानात विचारून ठेवा. आणि आणखी एखादा घेणारा ओळखीत असेल तर सेंटरऐवजी त्याच बुकशेल्फची एक जादा जोडी वाटून घ्या, कारण सुटा एक कोणी देत नाही. टीव्ही युनिटवर उभा बसला तर कुठल्याही आडव्या सेंटरपेक्षा तो सरस, दिवाणावरूनसुद्धा.

डोंबिवलीकर_ऐकतोय

55 इंची टीव्हीखाली उभा बुकशेल्फ बसायला भिंतीवरचा टीव्ही फूटभर वर घ्यावा लागेल, मग माना वर. ते नको. पण आधी जोडी, मग सेंटर, हा क्रम चालेल. फक्त सेंटरचे 12 हजार बाजूला काढूनच जोडी घ्यायची, म्हणजे जोडी 20 चीच, 25 ची नाही. दिवाणावरून ऐकून निकाल आजोबांनी द्यायचा.